देव पेरूच्या टोपलीत

बोरसे गुरुजी रोज सकाळी सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना आपला देव पेरूवालीच्या टोपलीत ठेवायचे आणि मग शाळेत शिरायचे.

यात अतिशयोक्ती नाही. फाटकाशी सायकल लावायची, ओल्या रुमालाने कपाळावरचा कुंकवाचा टिळा पुसायचा, सदऱ्याच्या आतल्या खिशातून लाल फडक्यात गुंडाळलेला देवीचा चांदीचा टाक काढायचा आणि बाहेर पेरू विकणाऱ्या सखूबाईच्या हातात द्यायचा.

"माय, सांभाळ. साडेबाराला नेतो."

सखूबाई बीडकडची. ती टाक कपाळाला लावायची आणि अगदी गंभीरपणे विचारायची, "गुरुजी, आज कच्च्यात ठेवू का पिकल्यात?"

"पिकल्यात ठेव. तिला वास आवडतो."

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगत होता की तुमच्या शाळेत प्रार्थना हवी की नको यावरून पालकांची मोठी सभा झाली, दोन्ही बाजूंचे लोक फलक घेऊन उभे राहिले आणि शेवटी काहीच ठरलं नाही. ईशाने विचारलं, "आजी, तिकडे असं होतं का?" फोनवर मी नुसतं "हो" म्हटलं. बाकीचं लिहिते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, सुरतेतली. तुमचे आजोबा तेव्हा पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होते. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जवळच्या महापालिकेच्या शाळेत मोठ्या मुलांना इंग्रजी शिकवायला जात असे. इमारत एकच, पण सकाळी तीत मराठी शाळा भरायची आणि दुपारी गुजराती. आमच्या सकाळच्या पाळीतली बहुतेक मुलं खानदेशातली, थोडी मराठवाड्यातली आणि विदर्भातली. आईबाप मिलमध्ये नाहीतर लूमवर. बोरसे गुरुजी शिरपूरकडचे. सहावी 'ब'चे वर्गशिक्षक, आणि योगायोगाने आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती, तीही एका विटेची.

त्या भिंतीमुळे मला ठाऊक होतं की या माणसाइतका देवभोळा माणूस अख्ख्या पांडेसऱ्यात नसेल. पहाटे पाचला घंटा सुरू. मग स्तोत्रं. मग देवीशी बोलणं, आणि ते प्रार्थनेपेक्षा भांडणाकडे जास्त झुकणारं. एकदा मी चहा गाळत असताना पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "मी काय सांगितलं होतं तुला? सहावी 'ब'ला गणितात सांभाळ म्हटलं होतं. बारा पोरं नापास. निम्मी चूक माझी, मी मान्य करतो. उरलेल्या निम्म्याचं काय?"

रोज सव्वापाचला देवीपुढे हजेरीही होई. पटावरची सगळी नावं, क्रमाने. "बागवान शबाना. खोकला आहे, बघ जरा. मेश्राम प्रमोद. ह्याचं अक्षर सुधारलं, ते राहू दे तसंच." तुमचे आजोबा दाढी करता करता म्हणायचे, "अगं, आपला रमेश कधी पास झाला तेसुद्धा मला आठवत नाही. हा माणूस चाळीस पोरांचे खोकले लक्षात ठेवतो."

पण हाच माणूस शाळेच्या फाटकाच्या आत देवाचं नाव घेऊ देत नसे. "देव मना शे, शाळा समदासनी शे," असं त्यांच्या अहिराणीत सांगायचे. देव माझा आहे, शाळा सगळ्यांची आहे. आमच्यासारख्या शुद्ध मराठीवाल्यांसाठी दुसरं वाक्य होतं, "हद्द सांभाळा, बाई." शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी लक्ष्मीची तसबीर टांगली, तेव्हा त्यांनी ती उतरवली नाही. टांगणाऱ्याला एवढंच म्हणाले, "घरी न्या हो. तिथे तिला नैवेद्य मिळेल. इथे बिचारीला खडूची धूळ मिळते." दुसऱ्या दिवशी तसबीर घरी गेली.

सखूबाई एकदा लग्नाला गावी गेली होती. त्या दिवशी गुरुजी नोकरीत पहिल्यांदाच वीस मिनिटं उशिरा आले. मस्टरमध्ये उशिराचं कारण लिहावं लागतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "देव ठेवण्यास जागा मिळाली नाही." तपासणीला आलेल्या साहेबांनी ते तीन वेळा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि पान उलटलं.

सकाळची प्रार्थना गुरुजींकडेच होती. म्हणजे काय, तर मुलांनी रांगेत उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटं ज्याने त्याने आपल्या मनात ज्याला हाक मारायची त्याला मारायची. कोणालाच नाही मारली तरी चालेल. मग प्रतिज्ञा. गुरुजी रांगांमधून मांजरासारखे फिरायचे. कोणाचे ओठ हलताना दिसले की हळूच म्हणायचे, "आवाज बाहेर यायला नको. आतल्या आत." मी एकदा एका मुलाला विचारलं, दोन मिनिटं तू काय करतोस? तो म्हणाला, "बाई, मी पेरू मागतो." हे गुरुजींना सांगितलं तर खूश झाले. म्हणाले, "मागू दे. ज्याच्याकडे मागतो तो बघून घेईल."

सगळं असं चालू असताना महापालिकेची निवडणूक आली आणि निवडणुकीबरोबर जगनभाऊ आला.

जगनभाऊ पाटील मिलना माणसं पुरवणारा ठेकेदार. तोही खानदेशातलाच. माणूस वाईट नव्हता, कोणाच्या घरी मयत झाली तर पहिला हजर. पण उमेदवार झाल्यापासून त्याचे सगळे गुण मोठ्या आवाजात दिसू लागले होते. त्याने शाळेला लाउडस्पीकर द्यायचं ठरवलं. अट एकच, रोज सकाळी शाळा भरताना त्यावर देवीची आरती लागली पाहिजे. आमच्या मुख्याध्यापिका गुजराती होत्या, सगळे त्यांना मोटाबेन म्हणत. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांना कोणाशीच वाद नको होता. त्यांनी शनिवारी पालकांची सभा बोलावली आणि गुरुजींना आधीच विनवलं, "बोरसेभाई, तमे जरा शांति राखजो."

गुरुजी म्हणाले, "शांतीच राखतोय बेन. रोज दोन मिनिटं."

व्हरांड्यात शंभरेक पालक दाटीवाटीने बसले होते. जगनभाऊने लाउडस्पीकरचं खोकं टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि अहिराणीत सुरुवात केली, "आपला गाव सोडीसन आपन आठे उनूत." गाव सोडून आपण इथे आलो, आता निदान पोरांच्या कानावर आपल्या देवीचं नाव पडलं पाहिजे. पुष्कळ माना हलल्या. खरं सांगते, माझीही जरा हलली. परमुलखात माणसाला असं काही ऐकलं की बरं वाटतं.

गुरुजी उठले. कपाळ पुसलेलं, खिसा रिकामा.

"जगन, तुझ्या घरी कानबाईचे रोट होतात ना?"

इथे तुम्हाला सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातले लोक कानबाई बसवतात. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घेतात आणि त्याच्या जाडजूड पोळ्या करतात, ते रोट. ते फक्त भाऊबंदांनीच खायचे, म्हणजे एका कुळातल्या, एका आडनावाच्या लोकांनी. शेजाऱ्याला तुकडाही द्यायचा नाही. आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे.

"होतात ना गुरुजी," जगनभाऊ म्हणाला. "तुम्हीच तर येता गाणी म्हणायला."

"मला एक रोट देशील?"

जगनभाऊ हसला. "काय चेष्टा करता? तुम्ही बोरसे, आम्ही पाटील. कसा चालेल?"

"देवी एकच ना आपली?"

"एकच."

"मुलूख?"

"एकच."

"मग तुझ्या देवीचा रोट तिच्याच भक्ताला चालत नाही, आणि तुझी आरती त्या मेश्रामाच्या पोराला चालेल? शबानाला चालेल? नवापूरच्या त्या ख्रिस्ती जुळ्यांना चालेल?"

मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, पटलं, पण रोटाचं नाव काढून भूक लावली तुम्ही." सगळे हसले. जगनभाऊ मात्र कच्चा नव्हता.

"रोट खायचा असतो गुरुजी. आरती नुसती ऐकायची. ऐकून कोणाचं काय जातं?"

"तुझ्या घरी ऐकून काहीच जात नाही. नको वाटली तर पाहुणा चप्पल घालून निघून जातो. रांगेत उभं असलेलं सहा वर्षांचं पोर कुठे जाईल? त्याला मीच उभं केलंय ना तिथे."

 प्रमोद मेश्रामची आई कोपऱ्यात पदर सारखा करत होती, तिने मान वर केली. जगनभाऊने गुरुजींना नास्तिक म्हणायला तोंड उघडलं असावं, पण समोर बसलेल्या निम्म्या बायकांच्या घरची कानबाई गुरुजींनीच बसवलेली होती, तेव्हा ते त्याने गिळलं आणि दुसरं बोलला.

"गुरुजी, इथे फार वर्षं झाली तुम्हाला. जरा हवापालट करा. गावाच्या त्या टोकाला एका शाळेत जागा आहे, ऐकतो."

त्या टोकाच्या शाळेत मराठी पाळी नव्हती. तिथे गुरुजींना वर्ग मिळणार नव्हता, ऑफिसात बसून दाखले लिहायचे. हे सगळ्यांना कळलं. गुरुजी खाली बसले आणि हात गुडघ्यावर ठेवून खोक्याकडे बघत राहिले.

आरती बारगळली. पण उमेदवाराने दिलेला लाउडस्पीकर परत नेला तर मतं जातात, म्हणून तो राहिला. सोमवारी त्याचं उद्घाटन, माझा वार नसूनही मी गेले. प्रार्थना गुरुजींकडे, त्यामुळे लाउडस्पीकरवरून सर्वप्रथम अख्ख्या वस्तीला ऐकू गेली ती दोन मिनिटांची शांतता. आधी "सावधान, डोळे मिटा," मग काही नाही, मधे एकदा गुरुजींचा खोकला. समोरच्या चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. गिऱ्हाइकं पेले ठेवून उभी राहिली. मिलच्या वॉचमनने टोपी काढली आणि रस्ता ओलांडून मला दबक्या आवाजात विचारलं, "बेन, कौन गुजर गया?"

बदलीची टांगती तलवार मात्र तशीच होती. गुरुजी तिच्याविषयी अवाक्षर काढत नसत. फक्त दिवाळीनंतर शिकवायचे धडे त्यांनी श्रावणातच शिकवायला घेतले, आणि भिंतीपलीकडची हजेरी लांबत गेली. रविवारी कानबाई बसली, सोमवारी विसर्जनाला नेहमीसारखी गुरुजींनी गाणी म्हटली. जगनभाऊ त्यांच्याकडे न बघता मागून झांजा वाजवत होता.

शुक्रवारी शाळा सुटताना मोटाबेनने मला बाजूला घेतलं. बदली होत नव्हती. जगनभाऊने स्वतःच जाऊन प्रकरण मिटवलं होतं. त्याच्या बायकोने त्याला सांगितलं होतं म्हणे, की गुरुजी त्या टोकाला गेले तर पुढच्या वर्षी गाणी तू म्हण, आणि तुझा आवाज आम्हाला माहीत आहे.

मी घरी न जाता आधी गुरुजींकडे गेले. दार उघडंच होतं. ते जमिनीवर जेवत बसले होते. ताटात रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, वाटीत दूध.

"बसा बाई. पण तुम्हाला देता येत नाही, माफ करा."

मी बातमी सांगितली. त्यांनी घास खाली ठेवला, डोळे मिटले. पुरती दोन मिनिटं नसतील, पण बराच वेळ. मग म्हणाले, "बरं झालं. दशांश अपूर्णांक नीट झाले नव्हते त्यांचे."

तेव्हा माझं लक्ष भिंतीकडे गेलं. पांढऱ्या फडक्याखाली रोटांच्या दोन चळती होत्या. गुरुजींची बायको कधीच वारली होती, मूल नव्हतं. घरात माणूस एक.

"गुरुजी, इतके कोणासाठी?"

"आम्ही तिघे भाऊ ना," ते म्हणाले. "तिघांच्या नावाने गहू घ्यावे लागतात."

"येणार आहेत का ते?"

"नाही, नाही. अकरा वर्षं झाली. तिकडे मी गावच्याच शाळेत होतो. भावांना शाळेच्या पटांगणात देऊळ बांधायचं होतं, सगळं गाव त्यांच्या बाजूला. मी वर पत्र लिहिलं, काम थांबलं. मग त्यांनी मला भाऊबंदकीतून काढलं." हे सगळं त्यांनी भाजी संपली आहे असं सांगावं तितक्या साध्या सुरात सांगितलं. "त्यांनी काढलं. मी नाही काढलं त्यांना. म्हणून त्यांच्या नावाचे मी करतो."

"आणि खातं कोण?"

"मीच. पौर्णिमेच्या आत संपवायला हवेत ना. माझ्या नावाचे काल संपले. ही थोरल्याची चळत. आणि ती धाकट्याची." त्यांनी फडकं थोडं वर करून दाखवलं. ते रोट जरा जास्तच भाजलेले होते, कडेला काळपट. "त्याला लहानपणापासून कडक लागतात. माझ्या ताटातल्या कडा पळवायचा."

गुरुजींच्या दाढा बहुतेक पडलेल्या होत्या. वाटीतलं दूध तळाला गेलं होतं. मी उठून घरी आले, पातेलंभर दूध घेऊन परत गेले आणि ठेवण्याआधी विचारलं, माझ्या घरचं दूध चालेल का.

"दूध चालतं," ते म्हणाले.

मग त्यांनी धाकट्याचा एक रोट मोडला, कडेचा तुकडा दुधात बुडवला आणि तो मऊ होण्याची वाट बघत बसले. पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती.