खाली थांबणारे वारंटकाका

इचोड्यातल्या आमच्या गल्लीतून कोणतंही वाहन वारंटकाकांनी थोपटल्याशिवाय बाहेर पडत नाही. माझी स्कूटी, समोरच्यांचा कापसाचा टेम्पो, दूधवाल्याची मोटरसायकल, इतकंच काय, फुलांनी सजलेली नवरदेवाची गाडीसुद्धा. कुणाला म्हणून सूट नाही. मी सकाळी शाळेत जायला निघाले, की काका आपल्या गेटासमोरच्या लोखंडी खुर्चीवरून उठतात. दोन्ही टायर अंगठ्यानं दाबतात, ब्रेक दाबतात, स्टँड वर गेलंय का ते पायानं चाचपतात आणि सीटवर थाप मारतात.

"फिट. जाय."

मला रोज उशीर झालेला असतो आणि हे गृहस्थ आरसा पुसत बसतात. एकदा मी पार वैतागले. म्हटलं, "काका, ही स्कूटी आहे. विमान नाहीये!"

"पडायले विमानच लागते काय, बाई?" असं म्हणून त्यांनी आरशाची दुसरी बाजूही पुसली.

नाव दादाराव वाघमारे. बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा. पोरगा मात्र मॅट्रिक होऊन हवाई दलात गेला आणि विमानाच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उमर काढून आला. परत आल्यावर गेटावर पाटी लावली, 'निवृत्त मास्टर वॉरंट ऑफिसर'. वॉरंट म्हटल्यावर लोक आधी दचकले आणि मग सगळी गल्ली त्यांना वारंटकाका म्हणायला लागली.

"तिथं तुम्ही नेमकं काय करत होतात?" असं त्यांना चुकूनही विचारू नये. माझ्या मिस्टरांनी विचारलं होतं, तर त्यांचा चहा थंड झाला.

"पायलट मोठा माणूस, कबूल. पण मी फिट म्हणल्याबिगर त्याले शिडीवर पाय ठेवता येत नोयता. पाना धरायले काय, साल-दोन साल लागते. पण घाईत असलेल्या साहेबाच्या तोंडावर 'नाही' म्हणायले शिकता शिकता अर्धी नौकरी जाते. सुपरवायझर म्हंजे पाना फिरवणारा नोय. नाही म्हणणारा!"

आणि 'नाही' म्हणणं त्यांना जे काही जमतं, बाप्पा! त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक फळी आहे. झारा, उलथनं, किसणी, चिमटा, प्रत्येकाच्या जागी त्याच्याच आकाराची काळी आकृती रंगवलेली. वस्तू उचलली की मागची काळी जागा लगेच डोळ्यांत भरते. विमानाच्या शेडमध्ये पान्यांची फळी अशीच असायची म्हणे. काम झाल्यावर फळीवर एक जागा जरी रिकामी दिसली, तरी विमान जागचं हलायचं नाही. तो पाना कुठे आहे हे कळेपर्यंत साहेब रागावो, ओरडो, काही करो. मी एकदा त्यांची किसणी मागून आणली. माझी गाजरं अर्धी किसून व्हायच्या आत काका दारात हजर. "जागा खाली हाय, बाई." त्या दिवशीचा हलवा आम्ही अर्धाच खाल्ला.

तर असा हा माणूस. पण सगळ्यांची वाहनं तपासणारा हा माणूस स्वतः कशातच बसत नाही! काकू गेल्या तेव्हापासून बसलाच नाही. लग्नाला नाही, मुधोळच्या भावाकडे नाही, नागपूरला पोटच्या मुलीकडे नाही. जिथे पायी जाता येईल तिथे जाणार, बाकी वेळ गेटासमोर खुर्चीत. नुसता हट्ट असता तर चाललं असतं. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आदिलाबादच्या डॉक्टरांकडे त्यांचे तपासणीचे कागद गेले होते, आणि आता आणखी थांबलात तर नजर जाईल असा त्यांनी निरोपच दिला होता. काकांची मुलगी वर्षा नागपुराहून मला फोन करून रडायची. "ताई, तुम्हीच सांगा हो बाबांना."

मी सांगितलं. गोडीत सांगितलं, भांडून सांगितलं. "काका, आंधळे व्हाल अशानं!"

"होईन. हात हायेत ना."

"जन्मभर माणसांना आभाळात पाठवलंत आणि तासाभराच्या आदिलाबादला जायला भिता?"

काका माझ्या स्कूटीचा आरसा पुसत राहिले. मला इतका संताप आला, की त्या दिवशी मी त्यांच्या 'फिट'ची वाटही न बघता निघून गेले.

जानेवारीत आमच्या शाळेची सहल निर्मलला निघाली. लाकडी खेळणी कशी करतात ते पोरांना दाखवायचं होतं. पोरं महिनाभर झोपेत निर्मल-निर्मल करत होती. आमच्या हेडमास्तरांच्या डोक्यात आलं, की सहलीला हिरवा झेंडा वारंटकाकांच्या हातून दाखवायचा. फौजी माणूस आहे, फोटो चांगला येईल. शाळा घरापासून चालत जाण्याजोगी, म्हणजे काका येणार. मी हात जोडून सांगितलं, "सर, दुसरं कुणी बघा." ऐकतंय कोण?

सहलीच्या सकाळी बस सुरूच होईना. ड्रायव्हरनं झाकण उघडलं, कुठे काही आवळलं, कुठे ठोकलं आणि गाडी घरघरली. पोरांनी टाळ्या पिटल्या. आवाज सारखा येतो का बघायला ड्रायव्हरनं गाडी तशीच चालू ठेवली आणि कोपऱ्यावर जाऊन चहा मारून आला. हेडमास्तरांनी काकांच्या हातात झेंडा दिला. काकांनी तो काखेत मारला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "पाने दाखव."

ड्रायव्हरनं पान्यांची कापडी गुंडाळी पुढे केली. काकांनी ती बसच्या पायरीवर पसरली आणि एकेक खाना बोटांनी चाचपत गेले. एका जागी बोट थांबलं.

"हा खाना खाली हाय."

"होंगा किधर तो भी, चचा. गाडी चालू है ना?"

"गाडी अनफिट," काका म्हणाले.

हेडमास्तर आधी हसले, मग लाल झाले. "वाघमारे, ऊन चढून राह्यलं. उशीर झाला तर तिथले कारागीर जेवायले जातीन. पोरं काय बंद दार बघून येतीन? एक पाना तो काय!"

"एकच राह्यते, सर. इंजिनावर राह्यते, पंख्याच्या पट्ट्यात अडकते. कुठं हाय ते सांगा, झेंडा दाखवतो."

"अहो, तुमाले धड दिसते तरी काय?"

काकांनी मान वर केली, आवाजाच्या दिशेनं.

"नाही दिसत. म्हणून तर हातानं मोजून राह्यलो. तुमाले दिसते ना? मंग तुमी शोधा!"

आणि शाळेची खुर्ची उचलून बसच्या अगदी नाकासमोर ठेवली आणि बसले. झेंडा मांडीवर. पोरं रडकुंडीला आली. चौथीतली एक चिमुरडी जवळ जाऊन म्हणाली, "आजोबा, उठा ना."

"उठतो ना, माय. पाना आण, लगेच उठतो."

मग काय, शोधाशोध! मी पदर खोचून बसखाली शिरले. ड्रायव्हर शिव्या गिळत इंजिनात डोकं घालून बसला. हेडमास्तरांनी स्वतःच्या गाडीची डिकीसुद्धा उघडून पाहिली, का ते देव जाणे. शेवटी ती चिमुरडीच ओरडत आली. "सापडला! सापडला!" कोपऱ्यावरचा चहावाला त्या पान्यानं आलं ठेचत होता. ड्रायव्हर चहा प्यायला गेला तेव्हा तिथेच विसरून आला होता.

हशा म्हणजे काय हशा! हेडमास्तरांनी तर डोक्यालाच हात लावला. कुणी तरी म्हणालं, "काका, चहा फिट हाय का तेही पाहून घ्या!" दुसरा कुणी असता तर मान खाली घातली असती. काकांनी पाना शर्टाच्या बाहीला पुसला, खान्यात बसवला, गुंडाळी बांधली.

"सापडला ना? मंग झालं. हासा. गाडीत बसून हासा." आणि ताठ उभं राहून झेंडा दाखवला. "फिट!"

निर्मलची सहल झकास झाली. आम्ही पोचलो तेव्हा कारागीर जेवायला उठतच होते, पण पोरांची तोंडं बघून पुन्हा बसले. परतताना हायवेवर एक ट्रक आडवा झाला होता, तिथे अडकलो. इचोड्यात शिरलो तेव्हा दिवस मावळला होता. शाळेपुढे आईबापांची गर्दी, आणि गर्दीच्या पुढे, सकाळच्याच जागी, त्याच खुर्चीत वारंटकाका. चहावाला मला हळूच म्हणाला, "बाई, हे सकाळपासून हटलेच नाहीत. डबा आणला होता, तोही उघडला नाही. म्हणतात, उतरू द्या आधी."

पोरं उतरायला लागली. काका दाराशी उभे राहिले आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत गेले. दिसत नव्हतं ना त्यांना. शेवटी मी उतरले.

"सगळे खाली?"

"सगळे खाली, काका."

तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकले आणि डबा उघडला. ज्वारीची भाकर कडक झाली होती. माझा तोल सुटला. "दिवसभर उपाशी? कुणी सांगितलं होतं थांबायला?"

"विमान वर असलं का मी जेवत नोयतो," भाकर मोडत ते म्हणाले. "फौजेचा नियम नाही तो. माया सोताचा हाय. मी खाली थांबलो आणि गेलेलं परत आलं नाही, असं कधी झालं नाही." जरा वेळ चावत राहिले. "एकदाच थांबलो नाही."

मी त्यांच्या डब्यापाशी खाली बसले.

"सुमनले नागपूरले नेलं तेवा. ॲम्बुलन्स मीच पाह्यली. टायर, ब्रेक, सारं फिट होतं. पण तिनं हात सोडलाच नाही माया. मी तिच्यासंगं आत बसलो. खाली कोणीच नोयतं, बाई." भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. "गाडी परत आली. फिट होती ना गाडी."

सुमनकाकू हृदयविकारानं गेल्या. त्यात कुणी खाली थांबण्याचा काय संबंध, हे मी सांगू शकले असते. त्यांना कळत नव्हतं थोडंच? मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. इतकी वर्षं हा माणूस एकट्यानं हे उरावर घेऊन त्या खुर्चीत बसला होता.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही आदिलाबादला जा. खाली मी थांबते."

"शाळा?"

"रजा काढीन."

"जेवता येत नाही."

"नाही जेवत."

"लोक हासतीन."

"हसू द्या!"

ठरल्या दिवशी वर्षा गाडी घेऊन आली. काकांनी ती हातानं सगळी चाचपली, ड्रायव्हरकडून पाने मागून मोजले. मग उघड्या दारापाशी थबकले आणि धुरकट डोळ्यांनी मागे वळले. मी लोखंडी खुर्चीत बसले होते. मोठ्यानं म्हटलं, "फिट! जा, काका!" आणि ते बसले.

दिवसभर मी तिथे. दूधवाला हसला, शेजारणी हसल्या. हेडमास्तर मुद्दाम गल्लीतून गेले. "काऊन बसल्या, बाई, इथं?" "गाडी गेलीय," मी म्हटलं, "परत यायची आहे." मिस्टरांनी ताट आणलं, ते मी परत पाठवलं. दुपारनंतर पोटात कावळे ओरडायला लागले, पाय आखडले, पण उठले नाही. उठवून तर बघा म्हणावं कुणी!

ऊन उतरताना गाडी आली. काकांनी पाय खाली ठेवला. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. वर्षाचा हात सोडून ते चाचपडत माझ्यापाशी आले आणि पोरांच्या डोक्यावर ठेवला होता तसा माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आलो, बाई," ते म्हणाले. "जेव आता."