सवतीच्या इंजिनाची मोहीम

सकलगुणालंकृत, चोकदक्ष, क्लचधुरंधर वाचक महाराजांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे: शाळेतील निवृत्त कवायतमास्तर, हुजूर शिट्टीबहाद्दर, यांचे जुन्या मोटारीने बंड करून उलटे बार काढिले, ती मोहीम कैसी जाहली, कोण लढले आणि कोण नुसतेच चहाची वाट पाहत बसले, हे साद्यंत लिहिणे प्राप्त जाहले. तिखटमीठ फारसे लाविले नाही. लाविले ते चवीपुरते.

मोटार हुजुरांची फार लाडकी. दोन्ही लेकी इस्पितळातून घरी आणिल्या त्या हिच्यातून, आणि मग शाळेस पोहोचविल्या, आणि मग सासरी, त्याही हिच्यातूनच. सबब हुजुरांचा जीव तीत गुंतलेला. बाईसाहेब, म्हणजे हुजुरांचे कुटुंब, तीस सवत म्हणत. सवत पूर्वी किल्ली फिरविताच हुकूम मानीत असे. परंतु गेल्या रविवारी हुजुरांनी तीस स्वहस्ते धुतले, तेव्हापासून सेल्फ मारावा तर नुसतीच खोकावी, आणि मग कार्बोरेटरातून एक बार, आणि मग मागील नळीतून दुसरा, ऐसा दारूगोळा उडवावा की गल्लीतील कुत्री परागंदा व्हावीत. शेजारचे आजोबा दुपारचे निजेतून दचकून उठत आणि कोणाशी युद्ध जुंपले म्हणोन पुसत.

तेव्हा बाईसाहेबांचे फर्मान सुटले की, ही ब्याद आता पुरे. रविवारी दोन प्रहरी भंगारवाल्यास बोलाविले आहे. तोपावेतो चालली तर राहील, न चालली तर जाईल. यात कमजास्त होणे नाही. हुजुरांनी अर्ज गुदरला, तो दाखल होताक्षणीच फेटाळला गेला.

रविवारी प्रातःकाळी मोहिमेस आरंभ जाहला. प्रथम बाईसाहेबांचे बंधू, स्वयंघोषित सरलष्कर, पांढराशुभ्र पायजमा लेऊन दाखल जाहले. त्यांचे कामकाज सल्ला देणे. त्यांनी मसलत दिली की, धक्का मारावा. मग गल्लीतील तमाम फौज जमवून सुलतानढवा केला, सरलष्कर ऐन नळीमागे उभे राहून जोर लावू लागले, आणि सवतीने तेथेच मोका साधून काळा बार काढिला. पायजम्याची दुर्दशा वर्णवत नाही. सरलष्कर पराभव न मानिता नाश्त्याच्या मुक्कामी माघारे गेले.

मग पेटी घेऊन मिस्त्री आले. त्यांनी बॅटरी तपासली, ती धडधाकट. पेट्रोल पाहिले, स्वच्छ. कार्बोरेटर खोलून फुंकला, आणि मग एकेक प्लग काढून घासला, आणि जी तार ज्यावर होती ती इमानाने त्यावरच चढविली. तारा पाहून तर मिस्त्री खूश जाहले. म्हणाले, "काय झकास बसवल्यात हो तारा! जशा काही कारखान्यातून आत्ताच आल्यात." हुजुरांची छाती फुगली. स्तुती चालू असता मध्ये बोलू नये, ही हुजुरांची शिस्त.

पुन्हा किल्ली, पुन्हा बार. मिस्त्रींनी हात पुसून निवाडा दिला की, दोष पोटात दिसतो, इंजिन उतरवावे लागेल. इतक्यात भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी येऊन ठाकला. त्याने साखळदंड उतरविताच हुजुरांनी तिकडे पाठ फिरविली. पाणी पितो, ऐसे निमित्त करून ते स्वयंपाकघरात शिरले, कारण चारचौघांत रडणे पदास शोभत नाही.

तेथे रिकामे हात स्वस्थ बसेनात. समोर फडताळ, आणि त्यात डबे कैसेही उभे. उभी हयात पोरे उंचीप्रमाणे रांगेत लावण्यात गेली. हुजुरांनी डबेही तैसेच लाविले, बुटका पुढे आणि उंच मागे. मग बाईसाहेब मंडळींस चहा टाकावयास आल्या, न पाहता नेहमीचे जागचा डबा ओढिला, आणि उकळत्या पाण्यात चमचाभर ओवा पडला.

"अहो, डबे कुणी हलवले?"

"वेडेवाकडे होते. उंचीनं लावले."

"मी डबा जागेवरून ओळखते, उंचीवरून नाही!" आणि मग बाईसाहेब एकाएकी थांबल्या. मोटार गेली तर हे गृहस्थ दिवसभर घरात. आज डबे, उद्या साड्या, परवा आपलीच पाळी, ऐसे भविष्य डोळ्यांपुढे येऊन त्यांस घाम फुटला. सवत दारात परवडली, नवरा फडताळात नको. आणि मग दुसरा विचार सुचला, त्यानेच मोहिमेचा रंग पालटला.

"गाडी धुतलीत तेव्हा बॉनेट उघडलं होतंत ना? तिथं काय लावलंत?"

"तारा एकमेकींवरून गेल्या होत्या. काढून पुसल्या, आणि ओळीनं लावल्या. एक, दोन, तीन, चार."

बाईसाहेबांनी हुजुरांस कोपरास धरून मिस्त्रींपुढे उभे केले आणि तेच वदविले. मिस्त्रींनी कपाळावर हात मारिला. "अहो मास्तर, हिची ठिणगी एक, तीन, चार, दोन अशी फिरते! तुम्ही भलत्या वेळी भलत्याच्या घरी ठिणगी धाडलीत, मग ती बार काढणार नाही तर काय?"

"एकानंतर तीन?" हुजूर कळवळून म्हणाले. "ही कसली कवायत?"

मग मिस्त्रींनी तीन तारा फिरवून योग्य जागी लाविल्या, त्या एकमेकींवरून आडव्यातिडव्या गेल्या, आणि हुजुरांनी तिकडे न पाहता किल्ली फिरविली. सवत एकदा खोकली आणि मग सुरळीत गुरगुरू लागली. हुजुरांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकिले आणि ते उघड उघड रडले. भंगारवाल्यास ओव्याचा चहा पाजून मानाने वाटेस लाविले. पोटास बरा असतो, ऐसे तो म्हणाला.

तहनामा तोंडीच ठरला की, मोटार हुजुरांची, पण बॉनेटास हात लावणे नाही. फडताळ बाईसाहेबांचे, त्याच्या सरहद्दीत पाऊल टाकणे नाही. मग बाईसाहेब स्वतः पुढील आसनावर येऊन बसल्या, हुजुरांचे डोळे आपले पदराने पुसले आणि म्हणाल्या, "चला, एक चक्कर मारून येऊ. पण नाकासमोर नको हं. वाटेल तिथं वळा."

हुजुरांनी आयुष्यात प्रथमच, कोठे जावयाचे हे ठाऊक नसता, डावीकडे वळण घेतले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. फत्ते बाईसाहेबांची, सबब त्यांचेच नावे दाखल केली असे.