चिमाजीचं बोट आणि डेअरीतलं मशीन

भोंगवलीच्या चिमाजीने त्या दिवशी सकाळी फार काही ठरवलं नव्हतं. मशीनला चारचौघांत एकदा खोटं पाडायचं, एवढंच. (माणूस गोत्यात येतो तो अशाच 'एवढंच'मुळे.)

त्याचं असं झालं. चिमाजी गावच्या डेअरीत बावीस वर्षं दूध पारखत होता. कॅनमध्ये बोट बुडवायचं, थेंब अंगठ्याच्या नखावर धरायचा आणि डोळे बारीक करायचे. थेंब टिकला तर दूध चोख, ओघळला तर पाणी. डेअरीत लॅक्टोमीटरही होता, पण तो कोनाड्यात झोपलेला असायचा आणि साहेब तपासणीला आले की उठायचा. दुधात पाणी घालताना लोक देवाला भ्यायचे नाहीत, चिमाजीच्या बोटाला भ्यायचे.

आणि दोन हजार तीन साली पुण्याहून ते मशीन आलं. मिक्सरपेक्षा जरा मोठं, वर लाल आकडे. बसवायला आलेल्या इंजिनिअरने ओट्यावर उभं राहून भाषणच ठोकलं. याला स्वतःचं डोकं आहे म्हणाला. फॅट सांगेल, पाणी किती तेही सांगेल. पुढच्या काळात तर असली मशीनं सगळे निर्णय आपणच घेतील, माणसाने नुसतं बसायचं. 'नुसतं बसायचं' म्हटल्यावर सेक्रेटरी आनंदरावांनी चिमाजीकडे पाहिलं. चिमाजीची कंबर गेलेली, शेतात वाकवत नव्हतं. डेअरी सुटली तर घरी बसण्यावाचून इलाज नव्हता. आनंदराव तसे भले माणूस. त्यांनी आठवडाभर मशीनची परीक्षा घ्यायचं कबूल केलं. मशीन चुकलं तर परत जाईल, नाहीतर चिमाजीआबांनी विश्रांती घ्यावी.

आता मशीनला खोटं पाडायचं तर दूध पक्कं चोख हवं. असं दूध गावात एकाच घरचं, त्याच्या स्वतःच्या. याची त्याला इतकी खात्री होती की घरच्या कॅनला त्याने बावीस वर्षांत बोट लावलं नव्हतं. घरचं दूध पारखायचं म्हणजे बायकोवर संशय घेण्यासारखं, आणि तेवढी छाती त्याला नव्हती. रतनबाईचा कॅन आला की चिमाजी मान डोलवायचा आणि कॅन पुढे सरकायचा.

सहा दिवस मशीन एकदाही चुकलं नाही, घरचा कॅन मात्र नेहमीसारखा न तपासताच पुढे जात होता. सातव्या दिवशी सकाळी रांग भरलेली असताना चिमाजी घरचा कॅन घेऊन पुढे झाला. हे दूध चोख आहे, याला मशीनने नाव ठेवलं तर मशीन बिनडोक, असं त्याने सगळ्यांना ठणकावून सांगितलं. दूध नेणारा टेम्पोवाला मन्सूरही कापूरहोळला निघायचं सोडून पाहत उभा राहिला.

मशीन दोन मिनिटं घरघरलं. आनंदरावांनी आकडे वाचले, चष्मा पुसला, परत वाचले.

"आबा, पाणी अठरा टक्के दाखवतंय."

चिमाजी आनंदाने जवळजवळ उडालाच. बघा, बिनडोक! पण रांगेतली भिमा काकू भारी बेरकी. ती म्हणाली, मशीनचं मरू दे, तुमी बोट लावून सांगा. झालं. चिमाजीने बोट बुडवलं आणि थेंब नखावर धरला. थेंब नखावरून निघाला तो थेट कोपरापर्यंत गेला.

मशीन खोटं म्हणावं तर बावीस वर्षांचं बोट खोटं, आणि खरं म्हणावं तर बायको सगळ्या गावात बदनाम.

"कॅन म्या धुतला हुता," चिमाजी खाली बघून म्हणाला. "पाणी ऱ्हायलं आसंल आत. माजीच चूक."

दहा लिटरच्या कॅनमध्ये दोन लिटर पाणी विसरणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला. लोक पोट धरून हसले. मशीन राहिलं आणि चिमाजी घरी गेला.

तो पोचायच्या आत मन्सूरने वाट वाकडी करून रतनबाईला सगळं सांगितलं होतं. तिने चुलीपुढून मान वर न करता कबुली दिली. धारोष्ण पेलाभर दूध, वर दिवसातनं सहा वेळा दाट चहा, म्हैस एकटी कुठवर पुरणार? तुमचं कमी करवंना, मग डेअरीचं वाढवलं. चिमाजीला राग यायला हवा होता. पण आला तो गहिवर, आणि त्याच भरात त्याने सातवा चहा मागितला.

इकडे डेअरीत वेगळंच त्रांगडं झालं. आकडा पटला नाही की लोक मशीनशी भांडायचे आणि मशीन गप्प. भिमा काकूने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी ते आपलं फॅट सहा पूर्णांक एक दाखवत राहिलं. एरवी हे सगळं चिमाजी ऐकून घ्यायचा, आता ते आनंदरावांच्या वाट्याला आलं. पंधरा दिवसांत त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

सोळाव्या दिवशी आनंदराव स्वतः मन्सूरच्या टेम्पोतून चिमाजीच्या दारात आले. उद्यापासून कामावर या म्हणाले, मशीनशेजारी खुर्ची टाकतो. चिमाजीची छाती दोन बोटं फुगली. शेवटी मशीनला अनुभवी माणूस लागतोच, पारखीचं काम परत आपल्याकडं आलं, असं तो मन्सूरसमोर मिरवायला लागला.

"पारख मशीनच करंल, आबा," आनंदराव संकोचून म्हणाले. "तुमी फकस्त शेजारी बसायचं. लोकं बोलत्याल ते ऐकायचं, उलट बोलायचं न्हाई. एवढं सोसणारा माणूस गावात दुसरा कोण हाय? रतनवैनी काल येऊन तसं लिहून देते म्हणाल्या. लगीन झाल्यापासनं बत्तीस वर्सं घेतलीया म्हणं त्यांनी परीक्षा."