दशरथकाकांची बंदूक जमा होते

निवडणूक जाहीर झाली आणि पोलीस स्टेशनातून दशरथ घाडींना निरोप आला, परवान्याची बंदूक निकाल लागेपर्यंत जमा करा. दशरथ भडकले. गावाकडची वडिलांची ही एकनळी बंदूक स्वतःच्या नावावर करून घेताना त्यांनी सरकारी कचेरीत तीन वर्षं चपला झिजवल्या होत्या.

"नलिनी, सरकार घेता तां परत देणा नाय," ते बायकोला म्हणाले.

"मग देव नकात. जेलात जावा," नलिनी भाजी निवडता निवडता म्हणाली.

खरं दुखणं वेगळंच होतं. कांजूरमार्गच्या त्या चार मजली सोसायटीत दशरथकाकांचा जो काही वट होता, तो बंदुकीमुळे. नाहीतर रिटायर्ड क्लार्कला विचारतो कोण? मीटिंगमध्ये ते नुसते खाकरले तरी सेक्रेटरी गप्प बसायचा. बंदूक गेल्याचं कळलं, की आपले हाल कुत्रं खाणार नाही, याची त्यांना खात्री होती.

मग त्यांनी डोकं लढवलं. भल्या सकाळी निळ्या चादरीत गुंडाळून बंदूक रिक्षानं नेली, जमा केली, पावती खिशात घातली. येताना हार्डवेअरच्या दुकानातून पडद्याचा रॉड घेतला, त्याच चादरीत गुंडाळला आणि ऐन दहा वाजता, गेटवर चार माणसं बघून, सावकाश आत आले.

"काका, जमा नाही केलीत?" समोरच्या फ्लॅटमधल्या रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"मागत होते. म्हटलं, नाही देत जा. काय करायचं ते करा."

आता इथं थांबायचं ना माणसानं! पण लोक जमले तशी काकांची जीभ सैल सुटली. "लोड करूनच ठेवणारय," हेही ते सांगून बसले.

संध्याकाळी हवालदार नंदाबाई दोन शिपायांना घेऊन दारात हजर. मागे अख्खी सोसायटी.

"काका, तुमची बंदूक तर आमच्याकडे जमा आहे," नंदाबाई म्हणाल्या. "मग ही दुसरी कुठून आणलीत? आम्हाला फोन आलाय. बिनपरवान्याची निघाली तर आत जाल हं."

"जमा आहे?" मागून कुणीतरी म्हणालं.

दशरथांची पाचावर धारण बसली. खरं बोलावं तर अब्रू जाते, खोटं रेटावं तर हातात बेड्या. शेवटी नलिनीच आत गेली, कपाटामागची गुंडाळी आणली आणि सगळ्यांसमोर सोडली.

"रॉड आहे," नंदाबाई शिपायांना म्हणाल्या. "चला."

रात्रभर दशरथांना वाटत राहिलं, ही खोली विकून सरळ गावाला निघून जावं. सकाळी बेल वाजली. दारात रत्नप्रभाबाई, हातात झाकलेलं ताट.

"फोन मीच केला होता, काका. रागावू नका. सात वर्षं तुमची बेल वाजवायची म्हटलं की छातीत धडधडायचं. आता बंदूक नाहीच म्हटल्यावर म्हटलं, गरम घावणे देऊन यावं."

मग सेक्रेटरी पत्ते घेऊन आला. पोरं बॉल मागायला आली, ती पाणी पिऊन, टीव्ही बघून गेली. पंधरा दिवसांत अशी पाळी आली, की चपला ठेवायला दाराबाहेर जागा उरेना. नलिनी चहा करून दमली, पण कुरकुरली नाही. दशरथांनाही फार बरं वाटत होतं. इतकी माणसं त्यांनी घरात पोरीच्या लग्नानंतर पाहिलीच नव्हती.

निकाल लागला आणि पोलीस स्टेशनातून फोन आला. दशरथ पाय ओढत गेले.

"मॅडम, ठेवा ना तुम्हीच."

"नाही ठेवता येत. तुमची आहे."

"मग कायमची जमा करतो."

"करा की," नंदाबाई म्हणाल्या. "परवाना रद्द करायचा अर्ज द्या, मग चौकशी होईल, वरून मंजुरी येईल. वर्षभर तरी जाईल. तोवर बंदूक घरी."

"अहो, माझा सरकारवर पूर्ण विश्वास आहे," दशरथ काकुळतीला येऊन म्हणाले.

"सरकारचाही तुमच्यावर आहे, काका," नंदाबाईंनी बंदूक त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली. "इथं सही करा."