अडीच भिंतींचा भोगवटा

गणिताच्या मास्तरांनी निवृत्त झाल्यावर टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या तुकड्यावर घर बांधायचं ठरवलं. मागणी माफक होती. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि कोरडं बाथरूम. यातली शेवटची अट त्यांच्या बायकोची होती. बाई एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या आणि जी गोष्ट पुसून स्वच्छ होत नाही, तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

अडचण एकच होती. मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा आर्किटेक्ट होता. भाचा आर्किटेक्ट असणं हा योग असतो की पीडा, हे घर बांधून झाल्याशिवाय कळत नाही. ताईचा फोन आला. "माझ्या पोराला पहिलं काम घरच्यांनीच दिलं नाही, तर परके कशाला देतील?" मास्तरांना हे विधान सिद्ध करता येईना आणि खोडताही येईना. त्यांनी होकार दिला.

भाचा जागा बघायला आला. बूट काढून, डोळे मिटून तो वीस मिनिटं गवतात उभा राहिला.

"काय करतोय तो?" बाईंनी हळूच विचारलं.

"जागेचं ऐकतोय म्हणे."

"मग आपलं कधी ऐकणार?"

भाच्याने डोळे उघडले. "मामी, घर निसर्गावर लादायचं नसतं. ऊन आलं, वारा आला, की घराने प्रतिसाद द्यायचा असतो."

"म्हणजे खिडक्या मोठ्या ठेवायच्या, असंच ना?"

"खिडकी म्हणजे भिंतीने मागितलेली माफी. मी मुळात गुन्हाच करणार नाही."

जागेच्या मधोमध तुतीचं जुनं झाड होतं. ते तोडायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. घर बांधून संपेपर्यंत झालेलं ते एकमेव एकमत. झाड निजायच्या खोलीच्या बरोबर मध्यात आलं. "आपण झाडाला घरात घेतलेलं नाही," भाचा म्हणाला, "झाडाने आपल्याला घेतलंय." छपराला झाडापुरतं भोक ठेवलं आणि उरलेल्या छपरावर गवत लावलं. भिंती एकूण अडीच झाल्या. उत्तरेची भिंत अर्ध्यावर थांबली होती, कारण पुढे काय करायचं ते वाऱ्याला ठरवू द्यायचं होतं.

गवंडी जुना माणूस होता. त्याने नकाशा उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि प्लॉटच्या कोपऱ्यात आधी एक शेड बांधली. चार भिंती, पत्रा, दार, दाराला कडी. सिमेंटच्या गोण्या ठेवायला. सिमेंटला निसर्ग सोसत नाही.

मास्तर आणि बाई राहायला आले. पहिल्या आठवड्यात खारीने उशीतला कापूस काढून झाडावर नेला. बेडूक बाथरूममध्ये आला आणि ते फारच कोरडं वाटल्यामुळे की काय, स्वयंपाकघरात गेला. मग तुती पिकली. पिकलेली फळं टपटप अंथरुणावर पडू लागली. चादरीवरचे रक्ताचे डाग काढण्यात बाईंनी उभी हयात घालवली होती, पण तुतीपुढे त्यांनी हात टेकले. आणि मग पाऊस आला. आत.

मास्तरांनी भाच्याला फोन लावला. "अरे, पलंग भिजला."

"छान! म्हणजे घर प्रतिसाद देतंय."

"घर नाही रे. पलंग देतोय."

"मग पलंग हलवा ना, मामा. थोडा प्रतिसाद आपणही द्यायला नको का?"

मास्तरांनी मनावर घेतलं. वाऱ्याची दिशा, उन्हाचा कोन आणि फळांचं पडणं यांचा हिशेब मांडून त्यांनी पलंग कोणत्या तासाला कुठे असावा याचं वेळापत्रक केलं आणि अर्ध्या भिंतीवर चिकटवलं. वाऱ्याने ते ओढ्यात नेलं. आठवडाभर दोघं अंदाजाने पलंग ढकलत राहिले. बाईंची कंबर धरली.

"आता मी ताईंना सांगते," बाई म्हणाल्या.

"सांग. पण मी घरात नसताना सांग."

"घरात? तुम्ही घरात असता कधी? आपण दोघंही तीन महिने बाहेरच आहोत!"

त्या रागाने आतल्या खोलीत निघाल्या, पण आतली खोली कुठे सुरू होते ते त्यांनाही नक्की सांगता येईना, म्हणून तुतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी बायकोला इतक्या वर्षांत दोनदाच रडताना पाहिलं होतं. त्यांनी तडक गवंड्याला बोलावलं.

"दीड भिंत घालायची आहे. किती दिवस लागतील?"

"चार दिवस," गवंडी म्हणाला. "पण आधी भोगवट्याचा दाखला काढा. ज्या घरात तुम्ही राहताय ते घर आहे असं सरकारने म्हटल्याशिवाय त्यात भर घालता येत नाही."

बांधकाम खात्याचे निरीक्षक आले. सभ्य आणि कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. त्यांनी फॉर्म काढला, टेकायला भिंत शोधली, आणि शेवटी गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं.

"भिंती?"

"अडीच."

"रकान्यात अपूर्णांक बसत नाही."

"मग तीन लिहा."

"ते खोटं होईल."

"दोन?"

"दोन भिंतींमधल्या जागेला घर म्हणत नाहीत, साहेब. बोळ म्हणतात."

त्यांनी नियमपुस्तिका उघडली, गवताचं छप्पर पाहिलं, झाड पाहिलं, बेडकाची नोंद घेतली. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "अर्ध्याहून अधिक बाजू खुल्या, किमान एक वृक्ष, बसण्याची सोय. अभिनंदन! हे उद्यान आहे. उद्यानाला मंजुरी ताबडतोब मिळते."

ती खरोखरच ताबडतोब मिळाली. सोबत अटींचा कागद होता. उद्यान सकाळी दहा ते संध्याकाळी पाच नागरिकांसाठी खुलं राहील. उद्यानात मुक्काम करणं, स्वयंपाक करणं आणि कपडे वाळत घालणं यांस मनाई आहे. उद्यानात भिंत बांधल्यास ते अतिक्रमण समजून पाडण्यात येईल.

"मग आम्ही राहायचं कुठे?" बाईंनी विचारलं.

निरीक्षकांनी आजूबाजूला पाहिलं. "ती शेड कोणाची?"

"सिमेंटची," मास्तर म्हणाले.

निरीक्षक आत जाऊन आले. चार भिंती, छप्पर, दार, कडी. एकही रकाना रिकामा राहिला नाही. त्यांनी जागेवरच भोगवट्याचा दाखला लिहून दिला.

बाईंनी शेड फिनाइलने तीनदा पुसली. पुसून ती स्वच्छ झाली. त्यांनी कडी लावली, काढली, पुन्हा लावली. पलंग एका जागी ठेवला आणि तो तिथेच राहिला. मास्तरांना कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

इकडे उद्यानाची कीर्ती पसरली. वास्तुकलेच्या एका संस्थेचे परीक्षक पाहणीला आले. फोटोग्राफर मास्तरांना म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला व्हा. माणूस आला की रचना घरगुती दिसते." मास्तर बाजूला झाले. भाच्याला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट घराचा पुरस्कार मिळाला. मानपत्रात लिहिलं होतं, 'येथील रहिवाशांनी स्वेच्छेने माघार घेऊन निसर्गाला जागा करून दिली, हा या वास्तूने माणसाकडून मिळवलेला सर्वोच्च प्रतिसाद होय.' ताईला हुंदका आवरेना. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. बहिणीला इतकं सुखी त्यांनी फार दिवसांनी पाहिलं होतं.

पुरस्कारानंतर भाचा दहा-बारा पाहुण्यांना घर दाखवायला घेऊन आला. पावसावर तो बोलत असतानाच पाऊस आला. पाहुणे गाड्यांकडे धावले. भाचा शेडकडे धावला. मामीने त्याला टॉवेल दिला आणि चहा टाकला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. भाचा कोरड्या जमिनीवर पाय पसरून बसला.

"मामी, इथे किती बरं वाटतंय. काय आहे इथे असं?"

"दार," मामी म्हणाली.

त्याने मान खाली घातली. "तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"बोललो की. अकरा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी तू 'छान' म्हणालास."

भाचा खजील झाला. पोरगा मनाने वाईट नव्हता. "मी उद्याच भिंती घालून देतो."

"अतिक्रमण होईल," मास्तर म्हणाले. "चहा घे, गार होतोय."

त्याने चहा घेतला, आणखी एक कप मागितला. जाताना शेडची लांबी-रुंदी पावलांनी मोजून गेला. ती त्याने कोणासाठी मोजली ते मास्तरांनी विचारलं नाही.

आता दर रविवारी गर्दी असते. प्रत्येक उद्यानात अभिप्रायाची वही ठेवावी असा नियम आहे, म्हणून बाईंनी ती ठेवली. लोक भरभरून लिहितात. 'घर असावं तर असं.' 'आयुष्यभर हेच शोधत होतो.' 'भिंती आपल्या मनात असतात.' हे वाचून, कोणाला इथे राहायचं असेल तर चालेल का, अशी बाईंनी खात्याकडे चौकशी केली. उत्तर आलं की उद्यानाच्या रखवालदाराला मुक्कामाची मुभा आहे आणि ती जागा रिकामी आहे. बाईंनी ताबडतोब वहीत पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला, 'राहायला कधी येता?'

आजवर सहाशे चाळीस अभिप्राय आले आहेत. त्या रकान्यात एकाच गृहस्थांनी लिहिलं आहे, 'मन तर इथेच राहिलंय.' मनाला पलंग लागत नाही, असं बाईंचं म्हणणं आहे.

तुम्हालाही घर आवडलंच असेल. झाडाखाली अंथरूण, डोक्यावर आभाळ, कानाशी ओढा. मास्तरांना जरा सोसायची सवय कमी, असंही मनात येऊन गेलं असेल. तेव्हा रविवारी अवश्य या. रखवालदाराची जागा अजून रिकामीच आहे. येताना आपल्या घराच्या खिडक्या तेवढ्या नीट लावून या. आभाळाचा काही भरवसा नाही.