दुभाष्याची दुरुस्ती

"हे बघा, समोरचा जे बोलेल तेवढंच बोला," बायकोने दारातच बजावलं. "पदरचं काही घालू नका. आज पास झालात तर कायमची नोकरी आहे."

दुभाषी मान डोलावून निघाला खरा, पण सवय वाईट! आधीच्या पंपांच्या कारखान्यात परदेशी साहेब एकाच दमात "उत्पादन वाढलंय" आणि "घटलंय" म्हणायचा, आणि आपला हा गडी ते गुपचूप निस्तरायचा. साहेबाची अब्रू वाचायची, याची पाठ थोपटली जायची.

आज धर्मशिक्षण विद्यालयात पाहुणे पंडित ख्रिस्ती श्रद्धेतल्या गूढावर बोलणार होते. दुभाषी काचेच्या खोलीत माइकपुढे बसला. सभागृहात लोकांनी हेडफोन चढवले.

"देव तीन व्यक्ती आहे, आणि एकच आहे," पंडित आपल्या परदेशी भाषेत म्हणाले.

जीभ घसरली वाटतं पाहुण्यांची! दुभाष्याने सांभाळून घेतलं, "तिघांची भागीदारी आहे. कारभार एक जण बघतो."

"येशू पूर्ण देव आहे, आणि पूर्ण माणूसही."

"अर्धा देव, अर्धा माणूस." बेरीज जुळली म्हणून स्वारी खूश.

"तो खरोखर मेला. आणि तो जिवंत आहे."

आता मात्र हद्द झाली. "तो मरता मरता वाचला," दुभाष्याने निकाल लावून टाकला.

मूळ भाषा समजणारे दोघेचौघे पुढच्या रांगेत डोळे पुसत होते. हेडफोनवाले जांभया देत होते. इतका सरळसोट देव त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक आजी उठली.

"मरता मरता वाचला? अहो, माझ्या माणसाला मी गेल्या महिन्यात पुरून आले. तो नाही वाचला. मग त्याच्या मरणातलं या येशूला काय कळणार?"

पंडितांनी प्रश्नार्थक चेहऱ्याने काचेकडे पाहिलं. 'आजी तुमचं कौतुक करतायत' एवढं सांगितलं असतं तरी निभावलं असतं, नोकरीही पदरात पडली असती. पण आजी उभीच होती. दुभाष्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आजी, तो मेला," तो माइकवर म्हणाला. "तुमच्या माणसासारखाच, खराखुरा मेला. आणि जिवंत आहे. दोन्ही. पंडित तसंच म्हणाले होते. तीनही आणि एकही, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. मला झेपलं नाही, म्हणून मी छाटलं."

आजी सावकाश बसली. "आता कसं!" ती शेजारणीला म्हणाली. "कळत नाही गं, पण पुरतं."

काय बाई होती! भल्याभल्यांची बुद्धी जिथे थकते, तिथे ती खुशाल टेकून बसली होती. दुभाष्याने सगळा घोटाळा पंडितांच्या कानावर घातला, तेव्हा ते पोट धरून हसले. प्राचार्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं.

"काय झालं? मिळाली का नोकरी?" घरी बायकोने पाणीसुद्धा न देता विचारलं.

"बाई म्हणाल्या, तुम्हाला कामावरून काढलंय. आणि उद्या वेळेवर या."

"अहो, काढलंय तर या कसं? दोन्हीतलं काय ते एक सांगा ना नीट!"

"छे छे," दुभाषी चपला काढत म्हणाला. "त्या जे बोलल्या, तेवढंच बोललो."