कप्तानाच्या किल्ल्या

कप्तानाच्या हातात कुणी काही द्यायचं नाही. फेकायचं. टेप, पेन, संत्रं, मोबाईल, गिऱ्हाइकाचं नमुन्याचं हँडल, काही असो. हातात द्यायला गेलं की तो हात मागे घेतो आणि ओरडतो, "फेको! मैं बुड्ढा औरत है क्या?" फेकलं की डाव्या हाताने, न बघता, हवेतच धरतो आणि म्हणतो, "बेनिम!" तुर्की भाषेत त्याचा अर्थ 'माझा'. बॉल हवेत असताना गोलकीपर आपल्या माणसांना असं ओरडून सांगतो म्हणे, की तुम्ही बाजूला व्हा, हा माझा.

नाव सेझाई. त्याला नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे कप्तानच म्हणतात. इथे कतारमध्ये, अल रय्यानला त्याचं दरवाजांचं दुकान आहे, तुर्कस्तानातून माल येतो, आणि तिथे मी एकोणीस वर्षं सुतार आहे. मला तो 'उस्ता' म्हणतो. त्यांच्यात कारागिराला असं म्हणतात. माझं शिक्षण सातवी नापास, त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर समजून घ्या. तो हिंदी बोलतो ती ऐकवत नाही. मी त्याचं बोलणं बहुतेक मराठीतच लिहितो, म्हणजे त्याची अब्रू राहील.

त्याच्याकडे नोकरी लागायची तर पेनल्टी मारावी लागते. गोदामात दोन दरवाजे उभे करतो, मधे स्वतः उभा राहतो, आणि समोर बॉल ठेवून म्हणतो, "यल्ला!", म्हणजे चल, मार. मी जन्मात बॉलला पाय लावला नव्हता. जोर करून लाथ मारली तर चप्पलच सुटली. बॉल जागेवर. कप्तानाने उडी मारून चप्पल धरली. "बेनिम!"

मी म्हटलं गेली नोकरी. जाता जाता बोललो, "साहेब, तुमचा डावा दरवाजा ओळंब्यात नाही. एक सूत बाहेर झुकलाय."

त्याने ओळंबा आणून बघितला. एक सूत. तो म्हणाला, "सगळे माझ्या डोळ्यांकडे बघून मारतात. तू दरवाजा बघितलास. उद्या सात वाजता ये." माझी चप्पल मात्र त्याने फेकून परत दिली. मला धरता आली नाही.

त्याच्या खेळाचं मला जे कळलं ते एवढंच. काळ्या समुद्राकाठच्या एका गावाचा क्लब, फार मोठा नाही. तिथे अकरा वर्षं तो दोन नंबरचा गोलकीपर. म्हणजे पहिल्याचं बोट मोडलं तर याचा नंबर. अकरा वर्षं हा हातमोजे घालून बाकावर बसला आणि त्या माणसाचं बोट काही मोडलं नाही. मी विचारलं, "कंटाळा नाही आला?" तर म्हणाला, "बाकावरूनसुद्धा मी सगळे बॉल धरले. मनात. एकही सुटला नाही."

मग पहिल्याने खेळ सोडला आणि हा पाच वर्षं खरा खेळला. चांगला खेळला म्हणतात. एक दिवस एक बॉल आला, म्हातारी काठी टेकत यावी तसा, हळू. तो कप्तानाच्या हाताखालून आत गेला. कप्तान उठला, हातमोजे काढले, जाळीला अडकवले आणि मैदानाबाहेर चालायला लागला. खेळ अजून चालू होता. परत कधी गोलपुढे उभा राहिला नाही. पुढे गोलकीपर शिकवायला कतारला आला, एका मोसमात करार संपला, आणि इथेच त्याने दरवाजे विकायला काढले. गिऱ्हाइकांना सांगतो, "सोळा वर्षं बिनदरवाजाच्या चौकटीपुढे काढली. ते दुःख मला विचारा."

खुर्चीमागे त्याने त्याच म्हाताऱ्या बॉलचा फोटो लावलाय. हा जमिनीवर आडवा, बॉल आत. लोक चांगले फोटो लावतात. हा म्हणतो, "तो नजरेसमोर असला म्हणजे दुसरा आत जात नाही."

धंदाही तसाच. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, गुडघ्याकडे बघायचं. ज्याचा गुडघा मालाकडे वळला तो घेणार, रस्त्याकडे वळला त्याला चहा पाजून सोडा. मी हसायचो. पण एकोणीस वर्षांत त्याचा अंदाज दोन-चारदाच चुकला असेल. तक्रारीचा फोन आला की चूक कुणाचीही असो, हा टुणकन उठतो. "बेनिम!"

आता माझ्या बायकोचं सांगतो, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट होत नाही. हौसा तिचं नाव. गावी असायची, सातारा जिल्ह्यात. पोरबाळ झालं नाही आम्हाला. सुट्टी संपवून निघालो की ती शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा द्यायची, "तुमच्या तुर्काला" म्हणून. तिच्याकडे व्हिडिओचा फोन आला त्या वर्षी मी दुकानातून फोनवर तिला कप्तान दाखवला. त्याने तिच्यासमोर मला हुकूम केला, "उस्ता, फेको लड्डू!" मी फेकला, त्याने धरला, ओरडला. पलीकडून हौसा कडाडली.

"अहो, अन्न फेकत्यात व्हय? त्यास्नी सांगा, हातात घ्या म्हणावं. दोन्ही हातांत!"

कप्तानाला शब्द कळला नाही, आवाज कळला. उभा राहिला. दोन्ही तळवे जोडून पुढे केले, आणि मी त्यात दुसरा लाडू ठेवला. तेव्हापासून जगात एकच वस्तू तो हातात घ्यायचा. भाभीचा लाडू. मुनीर म्हणून आमचा केरळचा ड्रायव्हर आहे, त्याने एकदा गंमत म्हणून लाडू फेकला तर कप्तान त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही.

हौसा गेली त्याला सव्वा वर्ष झालं. मी पोचलो तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तेरावं केलं, घराला कुलूप लावलं आणि परत आलो. त्याच आठवड्यात मदिनत खलीफामधल्या एका व्हिलात मी नऊ दरवाजांच्या बिजागऱ्या उलट्या बाजूला बसवल्या. नऊच्या नऊ. पटाशी धरायला लागल्यापासून एक दरवाजा माझा उलटा गेला नव्हता. मालक लाल झाला. मी मान खाली घालून उभा. कप्तान मधे आला आणि म्हणाला, "बेनिम! मीच याला उलटं सांगितलं." मग गुडघे टेकून माझ्याबरोबर एकेक बिजागरी काढत बसला. हौसाबद्दल एक शब्द बोलला नाही. मला तेच बरं वाटलं.

दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे. सकाळी सातला मी शटर उघडायचं, तो आत येऊन बसायचा, मी समोरून जुडगा फेकायचा, "बेनिम!", आणि मग चहा. रोज. या जुडग्यावर त्याने एक नियम करून ठेवला होता आणि सगळ्यांना ऐकवला होता. "ज्या दिवशी किल्ल्या सुटतील त्या दिवशी दुकान खलास. हात गेलेला गोलकीपर कुणी बघू नये."

यंदा रमजानात, संध्याकाळी रोजा सोडताना मी बघितलं, त्याचा चहाचा पेला बशीवर वाजतोय. डावा हात.

मी किल्ल्या जवळून फेकायला लागलो. हळू. तरी एक दिवस पडल्या. मी लगेच म्हणालो, "कप्तान, माझा खांदा धरलाय. वाकड्या गेल्या."

"फेक नीट, उस्ता!"

दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दामच वाकड्या फेकायला लागलो. कधी हातभर डावीकडे, कधी कपाटावर. पडल्या तर खोट माझी. मुनीर हसून हसून लोळायचा. "काका, चश्मा बदलो! कल मेरे सर पे मारोगे!" मी ऐकून घ्यायचो. मी काही देवमाणूस नाही. दुकान बंद झालं तर मला गावी जाऊन ते कुलूप उघडावं लागलं असतं. उघडून आत कुणाला हाक मारू?

गेल्या गुरुवारी मी नेम चुकवायला गेलो आणि तोच चुकला. जुडगा सरळ त्याच्या हातात गेला. बोटांना लागला आणि खाली पडला. मी उचलला, पुन्हा फेकला. पुन्हा पडला.

कप्तानाने मुनीरला पाव आणायला पाठवलं. मग माझ्याकडे वळला.

"उस्ता, चौकटीत एका सुताचा फरक तुला चालत नाही. आणि किल्ल्या रोज हातभर वाकड्या? मला गाढव समजतोस?"

मी टेप काढून उगाच टेबल मोजायला घेतलं.

"रमजानपासून मला माहीत आहे."

"मग बंद का नाही केलं? नियम तुमचाच."

तो माझ्या तोंडाकडे बघेना. माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला. "मुलगी तिकडे तुर्कस्तानात, इझमीरला बोलावते. रोज फोन. मी तिला सांगितलं, मी दुकान बंद केलं तर उस्ता कुठे जाईल? त्याच्या घरी दार उघडायला कोण आहे?"

मला राग आला. खरंच आला. "माझी काळजी तुम्हाला कुणी सांगितली? मी इथे तुमच्यासाठी वाकड्या फेकतोय, सगळ्यांचं हसं सोसतोय!"

तो खुर्चीत मागे रेलला. मग हसायला लागला. "एका बॉलवर दोघं 'बेनिम' ओरडले की काय होतं माहीत आहे? टक्कर होते. आणि गोल."

मी किल्ल्या उचलल्या. फेकायचं धाडस होईना, ठेवायचं कुठे तेही कळेना. तेव्हा तो खुर्चीतून उठला. दोन्ही तळवे जोडून पुढे केले, लाडवाला करायचा तसे. तळवे थरथरत होते. त्याने लपवले नाहीत.

"भाभी का माफिक," म्हणाला.

मी किल्ल्या ठेवल्या. माझे हात वर, त्याचे खाली, आणि मधे जुडगा वाजत राहिला. कुणाच्या हाताने, ते मी बघितलं नाही. दुकान बंद करायचं पुन्हा कुणी काढलं नाही.

आता रोज सकाळी तसंच. मुनीरला काही कळत नाही. काल त्याने विचारलं, "काका, आजकल फेकते क्यूं नहीं?"

मी म्हटलं, "अन्न आहे ते. फेकत नसतात."